विम उघडताच लाल ओळी: ‘विमआरसी’मधली चूक शोधायची कशी

एखादी फाइल उघडायला टर्मिनलमध्ये विम हा टेक्स्ट एडिटर सुरू करावा आणि फाइलच्या आधी पडदाभर लाल ओळी याव्यात. खाली सूचना असते की पुढे जायला एंटर दाबा. आपण दाबतो, फाइल उघडते, कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असा एंटर मी कित्येक महिने दाबला आहे. त्या ओळींत काय लिहिलंय ते वाचण्याचे कष्ट एकदाही घेतले नव्हते. वाचल्यावर कळलं की पंधरा-सतरा चुका दिसत असल्या तरी मूळ चूक एकच होती आणि ती पहिल्याच ओळीत लिहिलेली होती.

या लेखात मी त्याच पहिल्या ओळीच्या मागे लागणार आहे. विममध्ये सेटिंगची फाइल, म्हणजेच ‘विमआरसी’, वरून खाली एकेक ओळ चालते. एखादी ओळ चुकली तर विम कुरकुर करतो, ती ओळ सोडतो आणि पुढची चालवतो. त्यामुळे वर काही बिघडलं की खाली त्याची पिल्लावळ तयार होते. शेवटच्या चुकीपासून दुरुस्ती करायला गेलात तर दिवस जाईल. पहिली दुरुस्त करा, विम बंद करून पुन्हा उघडा आणि मग काय उरलं ते बघा.

एक सोय आधीच सांगतो. पुढे सगळ्या कमांड मी देवनागरीत लिहिल्या आहेत, एखाद्याला फोनवरून सांगाव्यात तशा. कीबोर्डवर त्या रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांतच टाइप करायच्या. कोलन, आडवी रेघ, उद्गारचिन्ह ही चिन्हं जशीच्या तशी घ्या. भोवतीची अवतरणचिन्हं मात्र टाइप करायची नाहीत.

आधी संदेश वाचा

संदेशाचे तीन भाग असतात. पहिल्या ओळीत ‘एरर डिटेक्टेड व्हाइल प्रोसेसिंग’ असं म्हणून फाइलचा पूर्ण मार्ग येतो. दुसऱ्या ओळीत ‘लाइन’ आणि आकडा. तिसऱ्या ओळीत ‘ई’ हे अक्षर, त्याला जोडून एक क्रमांक आणि चुकीचं थोडक्यात वर्णन. उदाहरणार्थ ई४९२ म्हणजे ‘नॉट ॲन एडिटर कमांड’, आणि त्यापुढे विमला न समजलेला मजकूर.

एंटर दाबून संदेश निघून गेला असेल तर ‘:मेसेजेस’ द्या, सगळे परत दिसतात. क्रमांकाचा अर्थ शोधायला इंटरनेटवर जाण्याआधी ‘:हेल्प ई४९२’ करून बघा. विमच्या मदतीत या क्रमांकांच्या खुणा घातलेल्या आहेत आणि बहुतेक ठिकाणी कारणही लिहिलेलं असतं. विम १९९१ साली ब्रॅम मूलेनार यांनी पहिल्यांदा बाहेर आणला. त्यांनी या मदतीच्या मजकुरावर जेवढी मेहनत घेतली तेवढी फार थोड्या सॉफ्टवेअरच्या वाट्याला येते. तिचा फायदा घ्या.

ओळीच्या क्रमांकात दोन खोड्या असतात. चूक एखाद्या फंक्शनच्या आत असेल तर मिळणारा क्रमांक फाइलच्या सुरुवातीपासूनचा नसतो, फंक्शनच्या सुरुवातीपासूनचा असतो. ‘लाइन ४’ वाचून फाइलच्या चौथ्या ओळीकडे बघत बसाल तर तिथे काहीच सापडणार नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत फाइलच्या नावापुढे चौकटी कंसात एक आकडा येतो. फंक्शन फाइलच्या कितव्या ओळीवरून बोलावलं गेलं ते तो सांगतो. दुसरी खोडी ई१७१ची, म्हणजे ‘एंडइफ’ राहून गेल्याची. ती नेहमी फाइलच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवते. बिचाऱ्या शेवटच्या ओळीचा काही दोष नसतो. उघडं राहिलेलं ‘इफ’ शंभर ओळी वर असू शकतं.

कोणती फाइल वाचली जातेय

हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण चुकीच्या फाइलमध्ये दुरुस्ती करत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. लिनक्स आणि मॅकवर फाइल घरच्या फोल्डरमध्ये ‘.विमआरसी’ नावाने असते, नाहीतर ‘.विम’ या फोल्डरच्या आत ‘विमआरसी’ नावाने. विंडोजवर नावाच्या सुरुवातीला टिंबाऐवजी खालची रेघ येते, किंवा ‘विमफाइल्स’ या फोल्डरात ‘विमआरसी’ असते. विम या जागा ठरलेल्या क्रमाने शोधतो आणि पहिली सापडली की थांबतो. दोन्हीकडे फाइल असेल तर दुसरीत तुम्ही काहीही लिहा, ती वाचलीच जात नाही.

खात्री करायला ‘:एको $मायविमआरसी’ द्या. डॉलरनंतरची सगळी अक्षरं मोठी. वाचल्या गेलेल्या फाइलचा मार्ग समोर येईल. ‘:व्हर्जन’ दिलं तर विम कुठे कुठे शोधतो ती यादी दिसते. सगळ्यात उपयोगी ‘:स्क्रिप्टनेम्स’. सुरू होताना विमने कोणकोणत्या फाइली कोणत्या क्रमाने वाचल्या, ते त्यात क्रमांकासह मिळतं.

चुका फक्त ‘सूडो’ (प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारी कमांड) लावून उघडल्यावर येत असतील, तर तेव्हा रूट वापरकर्त्याची फाइल वाचली जात असण्याची शक्यता आहे. सिस्टिमच्या फाइली दुरुस्त करायला ‘सूडो -ई’ वापरणं बरं. त्यात एडिटर तुमच्या नावाने, तुमच्या सेटिंगसह चालतो.

दोष नक्की कुणाचा

काही करण्याआधी फाइलची एक प्रत काढून ठेवा. मग टर्मिनलमध्ये ‘विम --क्लीन’ द्या. यात तुमची सेटिंग, तुमचे प्लगइन (विमला वरून जोडलेल्या सोयी), जुना इतिहास यातलं काहीच वाचलं जात नाही. लाल ओळी गेल्या तर दोष तुमच्या फाइलींमध्ये आहे. तरीही राहिल्या तर विमची मूळ स्थापनाच अर्धवट आहे. ई११८७ दिसला तर विमसोबत यायला हवी असलेली ‘डिफॉल्ट्स.विम’ ही फाइल त्याला सापडत नाहीये. अशा वेळी विमआरसीत हात घालून काही होणार नाही, पूर्ण पॅकेज पुन्हा बसवा.

पुढची पायरी ‘विम --नोप्लगइन’. यात विमआरसी वाचली जाते, पण प्लगइनच्या फाइली नाहीत. चूक राहिली तर ती विमआरसीतच आहे. गेली तर एखादा प्लगइन, किंवा विमआरसीतल्या सेटिंगशी त्याचं न जमणं. या दोन कमांडी मिळून एक मिनिट लागतं आणि निम्मं रान मोकळं होतं.

बिघडलेली विमआरसी दुरुस्त करायलाही हीच ‘--क्लीन’ वाट धरा: ‘विम --क्लीन +१४ ~/.विमआरसी’. अधिकचं चिन्ह आणि आकडा दिला की कर्सर थेट चौदाव्या ओळीवर जातो.

इथे एक फसवी जागा आहे. बरेच जण चाचणीसाठी वेगळी फाइल बनवतात आणि ‘विम -यू चाचणी.विम’ असं उघडतात. मग पूर्वी नसलेल्याच चुका दिसू लागतात, विशेषतः ई१०. कारण असं, की नेहमीच्या जागी विमआरसी सापडली तर विम ‘व्हीआय’ या जुन्या एडिटरसारखं वागणं आपणहून सोडतो. ‘-यू’ने दिलेल्या फाइलसाठी मात्र तो ते सोडत नाही. त्या जुन्या पद्धतीत पुढच्या ओळीच्या सुरुवातीला उलटी तिरकी रेघ देऊन वाक्य लांबवता येत नाही, म्हणून तशा प्रत्येक ओळीवर तो अडतो. उपाय म्हणजे सोबत ‘-एन’ द्यायचं, मोठ्या लिपीतलं एन: ‘विम -एन -यू चाचणी.विम’.

अर्धं-अर्धं करत चुकीपर्यंत

संदेशातून जागा कळली तर उत्तमच. पण कधी ओळीचा क्रमांक दिशाभूल करतो, कधी चूक प्लगइनमध्ये दिसते आणि कारण तुमच्या सेटिंगमध्ये असतं. तेव्हा लोक एकेक ओळ कॉमेंट करत, म्हणजे न चालणारी टीप बनवत बसतात. तीनशे ओळींच्या फाइलला तीनशे फेऱ्या कोण घालणार?

विममध्ये यासाठी ‘फिनिश’ ही कमांड आहे. फाइलमध्ये ती जिथे येते तिथे वाचन थांबतं, खालचं सगळं जणू लिहिलेलंच नाही. फाइलच्या साधारण मध्यावर, दोन विभागांमधल्या रिकाम्या जागेत, एका ओळीवर फक्त ‘फिनिश’ लिहा. सेव्ह करा, विम बंद करून उघडा. चूक गेली तर ती खालच्या अर्ध्यात आहे, म्हणून ‘फिनिश’ त्या अर्ध्याच्या मध्यावर सरकवा. चूक राहिली तर वरच्या अर्ध्यात, तेव्हा ‘फिनिश’ वर न्या. दर फेरीला शोधायची जागा निम्मी होते. तीनशे ओळींना नऊ फेऱ्या, हजार ओळींना दहा. प्रत्यक्षात पाच-सहातच काम होतं, कारण एवढ्यात तुम्हाला संशयित ओळ दिसायला लागलेली असते.

दोन पथ्यं. ‘फिनिश’ एखाद्या फंक्शनच्या पोटात टाकू नका. ते त्या फंक्शनचाच भाग होईल आणि वाचन थांबणार नाही. आणि दर वेळी विम खरोखर बंद करून उघडा. चालू असलेल्या विममध्ये ‘:सोर्स’ करून बघितलं तर आधीच्या वाचनातल्या सेटिंग तशाच बसलेल्या असतात, निकालावर विश्वास ठेवता येत नाही.

‘फिनिश’ अगदी वर टाकल्यावर रंग आणि इतर सोयी गेलेल्या दिसल्या तर दचकू नका. विम ८ पासून ‘डिफॉल्ट्स.विम’ फक्त तेव्हाच आपोआप वाचली जाते, जेव्हा वापरकर्त्याची विमआरसी मुळीच नसते. रिकामी असली तरी ती ‘आहे’ असंच धरलं जातं.

नेहमी भेटणाऱ्या चुका

सगळ्यात जास्त भेटणारी गोष्ट म्हणजे प्लगइन मॅनेजरची, म्हणजे प्लगइन बसवून देणाऱ्या साधनाची फाइलच नसणं. नव्या संगणकावर जुनी विमआरसी नेली की हमखास होतं. समजा तुम्ही विम-प्लग हा मॅनेजर वापरता आणि चौदा प्लगइन लिहिले आहेत. ‘कॉल प्लग#बिगिन()’ या ओळीवर ई११७ येतो, म्हणजे असं फंक्शन माहीत नाही. मग ‘प्लग’ने सुरू होणाऱ्या चौदा ओळींवर चौदा वेळा ई४९२. ‘प्लग#एंड()’वर पुन्हा ई११७. शेवटी रंगसंगतीच्या ओळीवर ई१८५, कारण तीही एका प्लगइनमधून येत होती. झाल्या सतरा चुका. उपाय एकच: ‘प्लग.विम’ ही फाइल ‘.विम’ फोल्डरातल्या ‘ऑटोलोड’ फोल्डरात ठेवायची, मग ‘:प्लगइन्स्टॉल’ द्यायचं.

ई११७ दुसऱ्या प्रकारेही येतो आणि तो जास्त गोंधळात टाकतो. प्लगइन बसवलेला असतो, विम उघडल्यावर हाताने फंक्शन बोलावलं तर चालतं, पण विमआरसीत बोलावलं की ‘माहीत नाही’. हा क्रमाचा मामला आहे. विम आधी विमआरसी पूर्ण वाचतो, त्यानंतर प्लगइनच्या ‘प्लगइन’ फोल्डरातल्या फाइली. तुम्ही फंक्शन बोलावता तेव्हा ते जन्मालाच आलेलं नसतं. अशा ओळी ‘.विम’मधल्या ‘आफ्टर’ आणि त्याच्या आतल्या ‘प्लगइन’ फोल्डरात वेगळ्या फाइलमध्ये हलवा. तिथलं सगळ्यांच्या नंतर वाचलं जातं. किंवा ‘ऑटोकमांड विमएंटर’ला बांधा, म्हणजे सुरू होण्याची प्रक्रिया संपल्यावर ती ओळ चालेल.

आता माझा आवडता छळ. एकदा विंडोजवरची विमआरसी लिनक्सवर नेली आणि जवळजवळ प्रत्येक ओळीवर चूक. रिकाम्या ओळींवरसुद्धा ई४९२! रिकाम्या ओळीत न समजण्यासारखं काय असणार? संदेशाच्या शेवटी टोपीचं चिन्ह आणि एम अशी जोडी होती, तिच्याकडे मी संध्याकाळभर दुर्लक्ष केलं. विंडोज ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं ठेवतं, लिनक्स एकच. लिनक्सवरचा विम सेटिंगची फाइल चालवताना ते जास्तीचं चिन्ह कमांडचा भाग समजतो. ‘--क्लीन’ने फाइल उघडून ‘:सेट एफएफ?’ विचारा. उत्तर ‘डॉस’ आलं तर ‘:सेट एफएफ=युनिक्स’ आणि ‘:डब्ल्यू’, काम झालं. काही ओळी एका प्रकारच्या, काही दुसऱ्या, अशी खिचडी असेल तर उत्तर ‘युनिक्स’च येतं आणि टोपी-एमच्या जोड्या उघड दिसतात. तेव्हा ‘:%एस/\आर$//’ ने सगळ्या पुसून टाका. उलट बाजूने हा त्रास नाही. लिनक्स पद्धतीची फाइल विंडोजवरचा विम मुकाट वाचतो, त्यामुळे फाइल कायम त्याच पद्धतीत ठेवलेली बरी.

वेबवरून उचललेल्या ओळींचं दुखणं याच जातीचं. विमआरसीत कॉमेंट सरळ दुहेरी अवतरणाने सुरू होते. वेबवर ते चिन्ह वळणदार होऊन येतं, आणि विमला ती कॉमेंट वाटत नाही. कधी साध्या जागेऐवजी न तुटणारी जागा आलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही. ओळ सगळी बरोबर दिसतेय तरी चूक येतेय, अशी वेळ आली की ती ओळ पुसून हाताने टाइप करा. वाद घालू नका.

ई५१८ म्हणजे असा पर्याय विमला ठाऊक नाही. आधी स्पेलिंग बघा. ते बरोबर असेल तर तो पर्याय नव्या आवृत्तीतला असेल किंवा शेजारच्या घरचा. ‘इनकमांड’ निओविममध्ये (विमपासून निघालेल्या वेगळ्या एडिटरमध्ये) आहे, विममध्ये नाही. बरोबरीच्या चिन्हानंतर जागा सोडणं हीदेखील नेहमीची चूक आहे. इतर भाषांची सवय असलेला हात ‘टॅबस्टॉप’, बरोबर, जागा, चार असं लिहून जातो आणि विमला ते चालत नाही.

ई३१९ दिसला तर विमआरसी बदलायची गरज नाही. तुमच्याकडे विमची छोटी आवृत्ती आहे. उबुंटू आणि डेबियनवर सुरुवातीला बहुधा हीच मिळते. ‘:व्हर्जन’मध्ये ‘स्मॉल’ किंवा ‘टायनी’ लिहिलेलं असेल आणि ‘इव्हॅल’ शब्दाआधी वजाचं चिन्ह. पूर्ण पॅकेज बसवा. सर्व्हरवर ते शक्य नसेल तर विमआरसीतला मोठा भाग ‘इफ १’ आणि ‘एंडइफ’ यांच्यामध्ये ठेवा. छोट्या आवृत्तीला ‘इफ’ची अट तपासता येत नाही, ती मधला सगळा मजकूर सोडून देते.

ई१७४ आणि ई१२२ सुरू होताना सहसा येत नाहीत, जुन्या आवृत्त्यांत फाइल दुसऱ्यांदा वाचली की येत, नव्या आवृत्त्यांत तेच नाव दुसऱ्या फाइलमध्येही असलं की येतात: ही कमांड किंवा हे फंक्शन आधीच आहे. ‘कमांड’ आणि ‘फंक्शन’ या शब्दांना उद्गारचिन्ह जोडा. ई५७५ किंवा ई५७६ आला तर विमआरसीला हात लावू नका, बिघाड ‘.विमइन्फो’ या इतिहासाच्या फाइलमध्ये आहे. तिचं नाव बदलून बाजूला करा, विम नवी बनवेल. ई३२५ ही तर चूकच नाही. तीच फाइल दुसरीकडे उघडी आहे किंवा मागच्या वेळी विम अचानक बंद पडला होता, एवढंच त्याला सांगायचं असतं.

झाकू नका, सांभाळा

‘सायलेंट!’ ओळीच्या आधी लावलं की संदेश गप्प होतो. म्हणून लोक ते सगळीकडे लावत सुटतात. माझ्या मते हे दुखणं दाबून ठेवण्यासारखं आहे. तीन महिन्यांनी एखादा शॉर्टकट का चालत नाही ते शोधताना विम एक शब्द सांगणार नाही, कारण तोंड तुम्हीच बांधलेलं असतं. त्यापेक्षा आधी विचारा, मग वापरा:

इफ एक्झिस्ट्स('+इनकमांड')
  सेट इनकमांड=स्प्लिट
एंडइफ

अधिकचं चिन्ह पर्यायासाठी, त्या जागी तारा दिला तर फंक्शनसाठी, कोलन दिला तर कमांडसाठी. ही एक ‘एक्झिस्ट्स’ ओळखीची झाली की एकच विमआरसी चार वेगवेगळ्या यंत्रांवर बिनतक्रार चालते. रंगसंगतीसाठी मात्र पडून उठण्याची सोय जास्त बरी:

ट्राय
  कलरस्कीम ग्रुवबॉक्स
कॅच /ई१८५/
  कलरस्कीम डेझर्ट
एंडट्राय

‘डेझर्ट’ विमसोबतच येते, त्यामुळे प्लगइन नसलेल्या यंत्रावरही रंग मिळतात.

एवढं करूनही चूक हाती लागत नसेल तर विमला बडबड करायला लावा: ‘विम -व्ही९नोंद.टेक्स्ट’. व्ही मोठ्या लिपीत, त्याला चिकटून ९ आणि त्याला चिकटून फाइलचं नाव, मध्ये कुठेही जागा नाही. विम बंद केल्यावर त्या फाइलमध्ये चुकीचा ‘ई’ क्रमांक शोधा आणि त्याच्या वरच्या ओळी वाचा. चुकीच्या लगेच आधी कोणती फाइल वाचली जात होती ते तिथे असतं. चूक नसून एखादी सेटिंग परस्पर बदलत असेल तर ‘:व्हर्बोस सेट टॅबस्टॉप?’ असं विचारा. शेवटचा बदल कोणत्या फाइलने केला त्याचं नाव पुढे येईल.

निओविमवाल्यांसाठी

निओविममध्ये सेटिंगची फाइल ‘इनिट.विम’ किंवा ‘इनिट.लुआ’ असते. लिनक्स-मॅकवर ‘.कॉन्फिग’मधल्या ‘एनविम’ फोल्डरात. दोन्ही एकत्र ठेवल्या तर ई५४२२ येतो. एक काढा.

लुआ या भाषेतल्या फाइलीत मोठा फरक हा, की चूक झाली की फाइल तिथेच थांबते. म्हणजे इथे सतरा चुका दिसत नाहीत, एकच दिसते, बहुधा ई५११३, आणि तिच्याखालची सगळी सेटिंग गायब. ‘माझे शॉर्टकटही गेले’ अशी तक्रार म्हणून येते. विम ९ मधल्या नव्या ‘विम९स्क्रिप्ट’ फाइलींचंही असंच आहे. ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ असेल तर ते मॉड्यूल आणणारी ‘रिक्वायर’ची ओळ ‘पीकॉल’ या चूक झेलणाऱ्या फंक्शनमधून बोलावा. मॉड्यूल नसलं तरी उरलेली फाइल चालेल. आणि ‘:चेकहेल्थ’ एकदा देऊन बघा. पायथन किंवा क्लिपबोर्डसारखी बाहेरची गोष्ट कमी असेल तर ते सांगतं.

बंद करण्याआधी

चूक गेली असं वाटलं की विम उघडून ‘:मेसेजेस’ द्या आणि त्यात एकही ‘ई’ क्रमांक नाही ना बघा. मग टर्मिनलमध्ये ‘ग्रेप -एन फिनिश ~/.विमआरसी’ चालवा. शोधताना मध्ये टाकलेलं ‘फिनिश’ तिथेच राहून गेलं असेल तर ओळीच्या क्रमांकासह दिसेल. मी एकदा ते विसरलो होतो. लाल ओळी गेल्या म्हणून खूश होतो, आणि पंधरा दिवस फाइलच्या खालच्या अर्ध्यातला एकही शॉर्टकट चालत नव्हता. त्याचा दोष मी नव्या कीबोर्डला देत होतो.